नातीला वॉम्बॅट शिकवायचाय: पिशवी उलटी, मग पिल्लू खाली पडत कसं नाही?

पाटीपेन्सिल | ९ ऑक्टोबर, सकाळी ७.१०

नमस्कार मंडळी.

मी मूळची वाई तालुक्यातली. जिल्हा परिषदेच्या शाळेत ३१ वर्षं पहिली-दुसरीला शिकवलं आणि निवृत्त झाले. सध्या सहा महिन्यांसाठी लेकीकडे मेलबर्नला, टार्नीटला आलेय. काम एकच, साडेचार वर्षांच्या नातीमागं पळणं. घरात तिला चिऊ म्हणतात.

चिऊच्या किंडरमध्ये, म्हणजे आपल्या बालवाडीत, सध्या वॉम्बॅट, म्हणजे इथला एक पिशवीवाला प्राणी, चाललाय. २२ ऑक्टोबरला इथं हौशी लोक वॉम्बॅट दिवस पाळतात म्हणे. त्या दिवशी प्रत्येक मुलानं पुढं येऊन दोन मिनिटं काहीतरी दाखवायचं आणि बोलायचं. लेक-जावई सकाळी सातला बाहेर पडतात, त्यामुळं तयारी माझ्या गळ्यात. मला आनंदच आहे. पण गाय, म्हैस, साळुंकी, सरडा मी झोपेत शिकवीन. वॉम्बॅट मी जन्मात पाहिलेला नाही.

परवा रंगवायला एक कागद मिळाला, कुठून तरी छापून घेतलेला. त्यात वॉम्बॅट माणसासारखा दोन पायांवर उभा. पोटावर शर्टाच्या खिशासारखी पिशवी, त्यातून पिल्लू डोकं वर काढून हसतंय, आणि मागं उंदरासारखी शेपूट. चिऊनं खडू खाली ठेवला. "आजी, हे राँग आहे. मिस म्हणाली पाउच बॅकवर्ड असतं." म्हटलं, असेल बाई. लगेच पुढचा प्रश्न आला, "बॅकवर्ड असेल तर बेबी पडत का नाही?"

आयुष्यभर मी असल्या प्रश्नांना "छान विचारलंस, उद्या सांगते" म्हणत आले आणि रात्री पुस्तक उघडून बसत आले. इथं पुस्तक हाताशी नाही, म्हणून तुमच्याकडे आले.

तर पहिला प्रश्न चिऊचाच. दुसरा असा की, त्याची शी चौकोनी असते असं तिला कळलंय आणि तीन दिवस घरात दुसरा विषय नाही. जेवतानासुद्धा. हे खरं आहे का? खरं असेल तर मुलांना नुसतं खिदळू न देता त्यातून काही शिकवता येईल का? आणि तिसरं, मी तिच्याशी हट्टानं मराठीतच बोलते. या प्राण्याला आपल्याकडं काही नाव आहे का?

एक विनंती. "डोळे दोन, कान दोन, पाय चार, रंग तपकिरी" असली यादी मी कधी कुणाकडून पाठ करून घेतली नाही. हाताला लागेल, अंगाला कळेल असं काही सुचवा.


गमट्री | ९ ऑक्टोबर, दुपारी १२.४५

आजी, नमस्कार. मी गिप्सलँडला असते. पोटापाण्यासाठी नर्स, आणि सुट्टीच्या दिवशी इथल्या एका वन्यजीव निवाऱ्यात पिल्लांना दूध पाजायला जाते. त्यामुळे वॉम्बॅट मांडीवर घेऊन बसायची संधी बऱ्याचदा मिळाली आहे.

चिऊचा प्रश्न अगदी बरोबर आहे, मोठी माणसंही विचारतात. तुमच्याकडे जुना बटवा आहे का? दोरी ओढली की तोंड आवळतं, तो? पिशवीचं तोंड मागच्या पायांकडे असतं आणि ते तसंच आहे. कडेला स्नायू असतात, आईला हवं तेव्हा ती तोंड आवळून घेते. शिवाय आई कांगारूसारखी उभी राहत नाही. चारी पायांवर, पोट जमिनीला लागेल इतकी बुटकी. पिशवी आडवी असते, त्यामुळे पडायला "खाली" असं फारसं उरतच नाही.

आणि पिल्लू सुरुवातीला सुटं नसतंच. जन्मतं तेव्हा राजम्याच्या दाण्याएवढं असतं, वजन एखादा ग्रॅम. डोळे मिटलेले, अंगावर केस नाहीत. ते सरपटत पिशवीत शिरतं आणि आचळ तोंडात धरतं. आचळाचं टोक त्याच्या तोंडात फुगतं, की झालं, महिनोन् महिने तिथेच चिकटलेलं. म्हणून रस्त्यावर गाडीखाली सापडलेल्या मादीच्या पिशवीत पिल्लू दिसलं तर ते ओढून काढायचं नाही, असं आम्हाला पहिल्याच दिवशी शिकवतात. तोंडाला इजा होते. सहा ते दहा महिने पिशवीत काढतं आणि मग दीडएक वर्षाचं होईपर्यंत आईच्या मागे मागे. मोठं झालेलं पिल्लू आईच्या मागच्या दोन पायांमधून तोंड बाहेर काढून बघतं. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, आईला मागच्या बाजूलाही एक डोकं आहे!

हाताला लागेल असं म्हणालात म्हणून सांगते. अंगावरचे केस दिसतात मऊ, पण हात फिरवला तर काथ्यासारखे. मी इथल्या साध्या, उघड्या नाकाच्या वॉम्बॅटबद्दल बोलतेय. दक्षिण ऑस्ट्रेलियात आणि क्वीन्सलँडमध्ये केसाळ नाकाचे दोन प्रकार आहेत, त्यांची लव रेशमी असते आणि कान लांब. आणि पार्श्वभाग! तो थोपटून बघितला तर पाट थोपटल्यासारखा लागतो. जाड कातडी, आत कूर्चा. शेपूट आहे, पण केसात बुडालेली बोटभर खुंटी, शोधावी लागते. तुमच्या कागदावरचं चित्र फाडून टाका.


सदाशिवपेठी | ९ ऑक्टोबर, सायंकाळी ६.०२

काकू, मराठी नाव कशाला हवं? चेहरा, दात, बिळं, सगळं बघता सरळ "घूस" म्हणा. विषय संपला. नाहीतरी ऑस्ट्रेलियातल्या "बँडिकूट" या प्राण्याला इंग्रजांनी आपल्या घुशीचंच नाव चिकटवलंय. तेलुगूत घुशीला पंदिकोक्कु म्हणतात, म्हणजे डुक्कर-उंदीर. त्यावरून बँडिकूट झालं आणि ते नाव बोटीत बसून तिकडे जाऊन तिकडच्या पिशवीवाल्या प्राण्याला लागलं. मग वॉम्बॅटनं काय पाप केलंय?

आणि हो, २०१९-२० च्या वणव्यात वॉम्बॅटांनी इतर प्राण्यांना हाकारून हाकारून आपल्या बिळात नेलं आणि वाचवलं, ती गोष्ट सांगा. मुलांना आवडेल.


पाटीपेन्सिल | ९ ऑक्टोबर, रात्री ८.३०

गमट्री, तुझे किती आभार मानू. बटवा! माझ्या आईचा लाल खणाचा बटवा मी सुपारीसाठी सगळीकडे घेऊन फिरते, तो पर्समध्येच होता.

सदाशिवपेठी, शब्दाची गोष्ट फार छान, ती मी जावयाला सांगितली. पण नातीला घूस सांगणार नाही. तुम्ही गंमत केलीत हे कळतंय, तरी मास्तरकी जात नाही. घूस म्हटलं की तिच्या डोक्यात घूस बसेल. सातारला आल्यावर मोरीतली घूस बघून "आजी, वॉम्बॅट!" म्हणेल आणि तिची पिशवी शोधत बसेल. नवा प्राणी आहे, त्याच्या गावचं नाव राहू दे. दातांपुरती घूस चालेल.


दोन_लेकरांची_आई | १० ऑक्टोबर, सकाळी ९.१५

बाई, मी सिडनीची. आमच्या घरी पाच आणि आठ वर्षांचे दोन नग आहेत. मागच्या शाळेच्या सुट्टीत कांगारू व्हॅलीतल्या बेंडीला कॅम्पग्राउंडवर तंबू टाकून राहिलो. संध्याकाळी ऊन उतरलं की हे महाशय बिळांतून निघतात आणि तंबूंच्या मधल्या गवतावर चरायला येतात. रात्री झोपेत कानाशी कर्रम्-कर्रम् असा आवाज आला, मला वाटलं कुणीतरी चिवड्याचा डबा उघडला. कनातीच्या पलीकडे गवत उपटून खाणं चाललं होतं.

तुम्हाला एकच सांगते, आकार. माझ्या धाकट्याला वाटत होतं वॉम्बॅट म्हणजे टेडी. पुस्तकातल्या चित्रात काही कळत नाही, कारण शेजारी मापाला काहीच नसतं. तुम्ही नुकत्या विमानानं आलात ना? २३ किलोची चेक-इन बॅग असेल घरी. तिच्यात पुस्तकं, डाळी, काय वाटेल ते भरा आणि आडवी ठेवा. मोठा वॉम्बॅट साधारण तेवढाच, २० ते ३५ किलो, लांबी मीटरभर. आता ही बॅग तुमच्याकडे पळत येतेय अशी कल्पना करायला सांगा. थोड्या अंतरापुरता ताशी ४० किलोमीटरचा वेग गाठतो हा गोलू! म्हणून जवळ जायचं नाही, खायला द्यायचं नाही, हे आम्ही मुलांना बजावलं होतं. थोरल्यानं तरी पोळीचा तुकडा पुढे केलाच, आणि बाबांचा ओरडा खाल्ला.

तिथेच एक वॉम्बॅट भर दुपारी बाहेर हिंडताना दिसला. अंगावरचे केस गेलेले, कातडीवर खपल्या. खरूज. सूक्ष्म किडे कातडीत शिरतात, उपचार नाही झाला तर जीवही जातो. मुलं गप्प झाली. साडेचार वर्षांच्या मुलीला सांगायचं की नाही ते तुम्ही ठरवा, मी आपलं लिहिलं.


गमट्री | १० ऑक्टोबर, सकाळी ११.३०

सदाशिवपेठी, वणव्याची गोष्ट जशी फिरली तशी घडलेली नाही. वॉम्बॅट कुणाला हाकारत नाही, तो आपल्याच नादात असतो. एवढं खरं की त्याची बिळं लांब आणि खोल असतात, आत गारवा असतो, आणि इतर लहान प्राणी त्या बिळांचा आसरा घेतात. मालकाला पत्ताही नसतो. मला वाटतं, मुलांना हेच जास्त आवडेल.

बिळावरून आठवलं. चिऊला पीटर निकल्सनची गोष्ट सांगा. १९६० साली हा शाळकरी मुलगा व्हिक्टोरियाच्या डोंगरातल्या टिंबरटॉप नावाच्या निवासी शाळेत होता. रात्री विजेरी आणि लहान खोरं घेऊन तो गुपचूप वॉम्बॅटच्या बिळात शिरायचा. पोटावर सरपटत. आत खोल्या, वळणं, फाटे असं सगळं मोजून त्यानं नकाशे काढले. काही बिळं वीस मीटरपर्यंत लांब निघाली. आत गेल्यावर कधी कधी घरमालकाची गाठ पडायची. त्याच्या त्या टिपणांचा आधार अभ्यासक आजही घेतात.

(चिऊला हेही सांगा की आपण बिळात शिरायचं नाही. माती कोसळते.)


खडकपाणी | १० ऑक्टोबर, रात्री १०.२०

आजी, होबार्टहून लिहितोय. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे सगळ्यांनी सभ्यपणे पाठ फिरवली आहे, तर तो मीच घेतो. आमच्या घरी मराठीत आम्ही "चौकोनी लेंडी" म्हणतो. शेळीची लेंडी माहीत असलेल्या माणसाला दुसरा शब्द सुचूच शकत नाही.

खरं आहे. कडा अगदी फाशासारख्या धारदार नसतात, पण सहा बाजू स्पष्ट दिसतात, दोनेक सेंटिमीटरच्या. एका रात्रीत ८० ते १०० पडतात. इथे टास्मानियात मराया बेटावर किंवा क्रेडल माउंटनजवळ रॉनी क्रीकला गेलात तर दगडांवर, पडलेल्या ओंडक्यांवर नीट मांडून ठेवल्यासारख्या दिसतील. ती त्यांची पाटी असते, "हा माझा इलाखा". नाक फार तिखट, डोळे यथातथा, त्यामुळे निरोप वासानं पोचवायचा. गोल लेंडी दगडावरून घरंगळून जाईल, चौकोनी बसून राहते, असं अभ्यासक मानतात.

लोकांना वाटतं की मागचं दारच चौकोनी असेल. मुलंही हेच म्हणतात, म्हणून हा समज आधी काढा. दार गोलच आहे. करामत आतड्यात होते. अमेरिकेतल्या जॉर्जिया टेक विद्यापीठातल्या पॅट्रिशिया यांग आणि डेव्हिड हू यांनी आमच्या टास्मानिया विद्यापीठातल्या स्कॉट कार्व्हर यांच्याबरोबर रस्त्यावर मेलेल्या वॉम्बॅटांची आतडी तपासली, त्यात लांबट फुगे फुगवून बघितले. आतड्याची भिंत सगळीकडे सारखी ताणत नाही. काही पट्टे ताठ, काही सैल. ताठ भाग पटकन आकुंचन पावतो, सैल भाग सावकाश, आणि त्या ओढाताणीत कोपरे तयार होतात. अन्न पचून बाहेर यायला दोन आठवडेही लागू शकतात, तोवर पाणी शोषलं जाऊन ते सुकून कडक झालेलं असतं, म्हणून आकार टिकतो. या कामाला २०१९ चं इग्नोबेल मिळालं, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं बक्षीस. त्याआधी २०१५ मध्ये यांग-हू जोडीला हेच बक्षीस मिळालं होतं ते बहुतेक सस्तन प्राण्यांना लघवीला सुमारे २१ सेकंद लागतात हे दाखवल्याबद्दल. चिऊ मोठेपणी काय होणार याची मला थोडी कल्पना आली आहे.

ता. क. शब्दाची आवड दिसली म्हणून: "वॉम्बॅट" हा शब्द सिडनी भागातल्या दारुग लोकांच्या भाषेतला. आणि युरोपियनांना हा प्राणी नीट भेटला तो कलकत्त्यामुळे! "सिडनी कोव्ह" नावाचं जहाज कलकत्त्याहून माल भरून निघालं आणि १७९७ मध्ये टास्मानियाच्या उत्तरेला प्रिझर्वेशन बेटावर फुटलं. तिथे अडकलेल्या खलाशांना जमिनीत बिळं करून राहणारा हा प्राणी सापडला. त्यांनी तो खाल्ला, अर्थातच.


पाटीपेन्सिल | १४ ऑक्टोबर, दुपारी २.४०

चार दिवस बोलले नाही, कारण घरात बीळ खणणं चालू होतं.

तुमचं सगळं वाचून एक गोष्ट माझ्या लक्षात आली. मी नख्या वेगळ्या, पिशवी वेगळी, शेपूट वेगळी असं शिकवायला निघाले होते. पण या प्राण्याचं सगळं अंगच खणण्यासाठी बेतलेलं आहे. खणतो म्हणून नख्या लांब आणि पाय आखूड, जाडजूड. खणतो म्हणून शेपटी नको, ती मातीत लोळणार. खणतो म्हणून पिशवी उलटी. मग मी बाकीचं सगळं बाजूला ठेवलं आणि चिऊला फक्त खणायला लावलं.

मागच्या अंगणात तिचा वाळूचा हौद आहे. पहिल्या दिवशी तिच्या पोटावर कापडी पिशवी बांधली, तोंड हनुवटीकडं. आत राजम्याचा एक दाणा. "आता चार पायांवर हो आणि कुत्रा उकरतो तसं उकर." दोन मिनिटांत पिशवी वाळूनं भरली. राजमा सापडेना. चिऊच्या तोंडचं पाणी पळालं, "आजी, बेबी गेलं!" वाळू चाळणीनं चाळून ते बेबी काढलं. मग पिशवी फिरवून तोंड पायांकडं केलं, बटव्यासारखी दोरी ओवून आवळली. परत उकरलं. वाळू खालून मागं उडाली, पिशवीत चार कण. राजमा जागच्या जागी. तिनं मला काही विचारलं नाही आणि मीही काही सांगितलं नाही. संध्याकाळी बाबा आल्या आल्या त्याला धरून अंगणात नेलं आणि त्याच्या पोटाला पिशवी बांधायला लागली. सहा फूट माणूस वाळूत रांगत होता, शेजारची बाई कुंपणावरून बघत होती.

बॅगेची कल्पनाही केली. जेवणाच्या टेबलावर चादर टाकून बीळ केलं, चिऊ आत. मी २३ किलोची बॅग ढकलत नेऊन दाराशी आडवी लावली. "तू आत आहेस. बाहेर डिंगो आलाय, म्हणजे इथला रानकुत्रा. आता बॅग ढकलून तो आत येईल का?" तिनं आतून पाय लावून बघितलं, बॅग हलेना. गमट्रीचा पाट आठवला म्हणून बॅगेला स्वैपाकघरातला पोळपाट टेकवला आणि डिंगो म्हणून तो मीच चावून बघायचं नाटक केलं. दात माझे नाहीत हे चिऊला माहीत आहे, त्यामुळं ती जास्त हसली. तिला कळलं ते असं: वॉम्बॅट बिळात डोकं आधी घालतो आणि ढुंगणानं दार लावतो. हे तिचे शब्द, मी सुधारले नाहीत.

दातांसाठी घूस वापरली. घुशीचे पुढचे दात वाढतच राहतात, म्हणून ती सारखं कुरतडते, हे तिला सांगितलं. मग मी जरा वाचलं, तर वॉम्बॅटचे सगळेच्या सगळे २४ दात जन्मभर वाढत राहतात! गवत, मुळं, सालं चावून झिजतात, तेवढे परत येतात. चिऊनं माझ्याकडं फार दयेनं बघितलं.

लेंडीचं काय केलं? कणकेचा गोळा. एक गोल लेंडी, एक चौकोनी. दोन्ही उतरत्या पुस्तकावर ठेवल्या. गोल घरंगळली, सोफ्याखाली गेली. चौकोनी बसली. मग चौकोन आणि घन यातला फरकही सांगून टाकला. कागदावर काढतो तो चौकोन आणि हातात येतो तो घन. दुसरीच्या मुलांना हे समजावताना माझा घसा कोरडा पडायचा, खडूचे डबे नाचवायचे मी. इथं पाच मिनिटांत झालं. आता ती फासा बघून "घन" म्हणते आणि लगेच खिदळते. चालायचंच.

आतड्याचं मी सांगितलं नाही. ताठ पट्टा, सैल पट्टा हे मलाच दोनदा वाचावं लागलं. फक्त "पोटातच तसा आकार येतो, दार गोलच आहे" एवढं सांगितलं. खरजेचंही नाही सांगितलं. जहाजाचं सांगितलं, पण खाल्ला ते गाळलं.


दोन_लेकरांची_आई | १४ ऑक्टोबर, दुपारी ३.०५

बाई, तुमच्या जावयाचा फोटो हवा होता.


सदाशिवपेठी | १४ ऑक्टोबर, सायंकाळी ५.५०

काकू, घूस शेवटी उपयोगी पडली याची नोंद घेतली आहे.


खडकपाणी | १४ ऑक्टोबर, रात्री ९.४०

सोफ्याखालची लेंडी सापडली का? मुंग्या येतील.


पाटीपेन्सिल | १९ ऑक्टोबर, सकाळी ८.००

सापडली. व्हॅक्यूम क्लीनरमध्ये गेली होती, लेकीनं विचारलं हे काय आहे. खरं सांगितलं तर तिचा विश्वास बसेना.

एक सल्ला हवाय. चिऊला बुधवारी दोन मिनिटं बोलायचंय. घरी सगळं करून दाखवते, पण बोलायला उभी केली की "वॉम्बॅट इज अ मार्सुपियल" (म्हणजे पिशवीवाला प्राणी) असं कुठून तरी ऐकलेलं पाठ वाक्य म्हणते आणि गप्प होते. मी वाक्यं लिहून द्यायची का? लेक म्हणते, दे. मला नको वाटतंय.


गमट्री | १९ ऑक्टोबर, सकाळी १०.२५

नका देऊ. हातात वस्तू द्या. निवाऱ्यात शाळेची मुलं येतात तेव्हा आम्ही एका टोपलीत वस्तू ठेवतो. वॉम्बॅटची कवटी, केसांचा पुंजका, वाळलेली लेंडी. प्रत्येकानं एक उचलायची आणि तिच्याबद्दल बोलायचं. वस्तू हातात असली की लाजरं मूलही बोलतं, कारण सगळे वस्तूकडे बघत असतात.


पाटीपेन्सिल | २३ ऑक्टोबर, सकाळी ६.४५

झालं काल.

आईचा बटवा, राजम्याचा दाणा आणि कणकेच्या दोन सुकवलेल्या लेंड्या एवढं डब्यात घालून दिलं. वर कागद, "कृपया खाऊ नये". पालकांना मागं बसायला परवानगी होती, म्हणून मी गेले. दिवाळी नुकतीच झालेली, म्हणून चिऊ परकर-पोलकं घालून गेली होती. परकर घालून ती वर्गाच्या मधोमध चारी पायांवर झाली, बटवा पोटाशी धरला, तोंड मागं, आणि म्हणाली, "धिस इज द बटवा." मिसनं विचारलं, बटवा म्हणजे काय? चिऊ म्हणाली, "आजी'ज आई'ज पाउच." आता अख्ख्या वर्गाचा असा समज झालाय की माझ्या आईला पिशवी होती.

राजमा दाखवला, दोरी आवळली, सोडली, आवळली. एका मुलानं विचारलं, बेबीला अंधारात भीती वाटत नाही का? चिऊ थांबली. मग म्हणाली, "इट इज ड्रिंकिंग मिल्क." याहून चांगलं उत्तर मला तरी सुचलं नसतं. पुढं लेंड्या निघाल्या आणि मग पुस्तक उतरतं धरून त्या सोडायला सगळा वर्ग रांगेत. दोनाची पंधरा मिनिटं झाली. "मार्सुपियल" शब्द आलाच नाही.


पाटीपेन्सिल | २७ ऑक्टोबर, रात्री ९.१५

शेवटचं लिहिते आणि मग धागा तुमच्या हवाली करते. पुढं प्लॅटिपस आहे म्हणे, म्हणजे माझं काही खरं नाही.

काल रविवारी सगळे हील्सव्हिलच्या अभयारण्यात गेलो, खरा वॉम्बॅट बघायला. टार्नीटहून चांगला दीड तास लागला. मी दशम्या बांधून घेतल्या होत्या. बाकी प्राणी बघत बघत शेवटी वॉम्बॅटच्या जागी पोचलो. दुपार होती, तो झोपलेला. आतल्या बिळाला काच लावलीय, तिथून बघायचं. काचेला नाक लावून बघितलं तर चेहरा नाही, नख्या नाहीत, काही नाही. भिंतीसारखं एक रुंद, करडं, केसाळ ढुंगण आमच्याकडं करून तो गाढ झोपला होता. शेपूट शोधली, दिसली नाही.

आजूबाजूची मुलं कुरकुरायला लागली. जावई म्हणाला, अर्धा तास थांबू, उठेल. पाऊण तास थांबलो. एकदा मागचा पाय हलला, तेवढंच. मला वाईट वाटलं, इतकं करून पोरीला नुसती पाठ बघायला मिळाली.

चिऊला विचारलं, थांबायचं का अजून? ती माझ्या पदराला धरून निघालीसुद्धा.

"नको आजी. त्यानं दार लावलंय."